कुलूप पूजेत होतं

ज्या माणसाचा मी सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यांचं नाव वेंकोबराव. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत ते राहत आणि दुकानांचे विमे उतरवत. बाजारात मात्र त्यांना या नावाने कोणी ओळखत नसे. आमच्याकडच्या मराठी माणसाला तमिळ लोक 'रायर' म्हणतात, म्हणून ते सगळ्यांचे 'इन्शुरन्स रायर' होते. मी त्यांना मामा म्हणत असे. नात्याने ते माझे कोणीच नव्हते. ते जुन्या कारकुनी घराण्यातले, आणि आम्ही ओरत्तनाडूचे शिंपी.

आमच्या घरांतून मराठी बोलतात, पण वाचत नाहीत. मामांनाही देवनागरी अक्षर लावता येत नसे. मी पुण्यात नोकरीला आल्यावर, तिशी उलटताना, पहिलीचं पुस्तक आणून ही लिपी शिकलो. त्यामुळे माझ्या लिहिण्यात काही कमी-जास्त असेल. मामांचं बोलणंही मी थोडं सोपं करून देतो आहे. ते 'सगळं' म्हणायच्या जागी 'अस्की' म्हणत आणि 'कशाला' म्हणायच्या जागी 'कसाला'; 'म्हणून'चं त्यांचं 'मणून' होई. तेवढे तीन शब्द मी तसेच ठेवतो, कारण त्यांच्याशिवाय मामांचा आवाज मला ऐकू येत नाही.

पांढरा पूर्ण बाह्यांचा सदरा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली वेष्टी म्हणजे लुंगीसारखं धोतर, खांद्याला कापडी पिशवी आणि खाली जुनी मोपेड. पिशवीत फॉर्म, कार्बन पेपर, एक टॉर्च आणि शिंप्याची टेप असे. कुठेही गेले की आधी मान वर. पंख्याची वायर कुठून आली आहे, छताला ओल आहे का, हे पाहिल्याशिवाय ते खुर्चीवर बसत नसत. एका लग्नात पंगतीतून उठून त्यांनी मांडववाल्याला वायरीचा जोड दाखवला होता. नवरीचा बाप म्हणाला, "रायर, आज तरी आमचं काही जाळू नका." मामा म्हणाले, "मणून तर उठलो," आणि परत येऊन थंड झालेल्या भातावर रसम घेतलं.

दुकानदाराला ते पॉलिसीचं नाव सांगत नसत. तीन प्रश्न विचारत. या दुकानात तुझं काय आहे? या दुकानात दुसऱ्याचं काय आहे? आणि या दुकानामुळे रस्त्यावरच्या माणसाला काय होऊ शकेल? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना येई. दुसऱ्याला लोक डोकं खाजवत. तिसऱ्याला बहुतेक जण रागावत.

माझ्या वडिलांची आणि त्यांची ओळख एका बटणामुळे झाली. वडील ओरत्तनाडूच्या बस स्टँडजवळ शिवणकाम करत. शेजारच्या खताच्या दुकानाचा विमा उतरवायला मामा आले होते, सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून आमच्या दुकानात आले. बटण लावून होईपर्यंत प्रश्न सुरू.

"इथं तुझं काय आहे?"

"दोन मशीन, एक टेबल, कात्र्या."

"आणि तुझं नसलेलं?"

वडिलांनी मान वर करून पाहिलं. भिंतीवर ब्लाउज टांगलेले, खाली शाळेच्या गणवेशांचा ढीग, कोपऱ्यात कोणाच्या तरी लग्नाचं रेशीम.

"हे अस्की जळलं तर?" मामांनी विचारलं.

वडिलांना वाटलं, हा माणूस शाप देतो आहे. त्यांनी बटणाचे पैसे घेतले नाहीत आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. मामा आणखी चार वेळा आले. चौथ्या वेळी वडिलांनी कंटाळून अंगठ्याइतकी लहान सही केली. मशीन, टेबल आणि 'शिवायला आलेलं गिऱ्हाइकांचं कापड', असं मामांनी वेगळं लिहून घेतलं.

दोन वर्षांनी, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, बाजूच्या चहाच्या दुकानाची वायर पेटली आणि आमचं दुकान गेलं. दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे शिंप्याच्या दुकानात गावाचे नवे कपडे असतात. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा राखेतून वाफ येत होती आणि बाहेर बायका उभ्या होत्या. वडील रस्त्यावर उकिडवे बसले होते. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, आमच्या घरात कॉलेजला गेलेला पहिलाच. तिथं उभ्या उभ्या मी मनात ठरवलं होतं की कॉलेज आता संपलं.

पहिल्या बसने मामा आले. वडिलांच्या समोर तसेच उकिडवे बसले आणि पिशवीतून कागद काढून म्हणाले, "सांग. कोणाचं काय होतं?"

सहीपलीकडे वडिलांना लिहिता येत नसे. पण माप त्यांच्या डोक्यात राही. डोळे मिटून ते सांगत गेले आणि मामा लिहीत गेले. पोस्टातल्या बाईंचा निळा ब्लाउज, गळा खोल नको. हेडमास्तरांची पँट, मागच्या वर्षापेक्षा दोन बोटं सैल. मध्येच मामांनी थांबवलं, "हे सैलचं लिहू का? कंपनीचा सर्वेयर वाचेल, गावभर होईल." वडील त्या दिवशी पहिल्यांदा हसले आणि लगेच रडले. एकसष्ट कपडे निघाले. भरपाई आली, प्रत्येकाला कापड मिळालं, आणि एकही गिऱ्हाईक आम्हाला सोडून गेलं नाही. माझी बी. कॉम. पूर्ण झाली.

निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो तर मामांनी पेढा हातात धरून विचारलं, "पुढं काय?" त्यांनी मला तंजावूरच्या एका सर्वेयर साहेबांकडे नेलं. नुकसान झालं की जागेवर जाऊन पाहणी करणारा आणि विमा कंपनीला रिपोर्ट देणारा, तो सर्वेयर. "पोरगा गरीब आहे मणून घेऊ नका," मामा साहेबांना म्हणाले, "याच्या बापाला एकसष्ट मापं पाठ होती, मणून घ्या."

बाहेर आल्यावर मोपेडला किक मारता मारता त्यांनी मला एवढंच शिकवलं: "रिपोर्टात दया नको, राग नको, अंदाज नको. दिसलं ते लिही. ऐकलं ते लिही. उरलेलं कंपनी बघून घेईल."

ते स्वतः तसंच वागत. मिठाईच्या एका दुकानाचा बोर्ड वाऱ्याने सुटून खाली फुलं विकणाऱ्या बाईच्या खांद्यावर पडला. मालकाने तिला रिक्षात बसवून सरकारी इस्पितळात पाठवलं, हातावर थोडे पैसे ठेवले आणि बोर्ड आत नेऊन ठेवला. मामा आधी इस्पितळात गेले, इडल्या घेऊन. बाईला म्हणाले, "आई, त्याच्या दुकानामुळे रस्त्यावरच्या माणसाला लागलं तर भरपाई द्यायची पॉलिसी त्याच्याकडे आहे. तू माग." मग मालकाकडे गेले.

मालक भडकला. "रायर, तुम्ही माझे एजंट. माझ्याविरुद्ध तिला शिकवता? तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"बोर्डाच्या," मामा म्हणाले. "तो पडला, एवढं तरी खरं आहे. नऊ वर्षं तू हप्ता भरलास तो कसाला? तिच्यासाठीच भरलास. आता तिला दे."

बाईचा खांदा बरा झाला. मालक वर्षभर मामांशी बोलला नाही आणि पुढच्या वर्षी पॉलिसी मात्र त्यांच्याकडूनच घेतली.

आता मला त्या नवरात्राकडे यावं लागेल.

आमच्याकडे नवरात्राच्या नवव्या दिवशी आयुधपूजा असते. ज्याचं जे हत्यार, ते त्या दिवशी देवापुढे जातं. शिंपी कात्री ठेवतो, मास्तर पुस्तक ठेवतो, रिक्षावाला रिक्षालाच हार घालतो. पूजेला बसलेली वस्तू दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत उचलायची नाही, वापरायची नाही. भांडीबाजाराच्या गल्लीत तराजू ठेवत, वह्या ठेवत, आणि दाराचं कुलूपही ठेवत. दुकान राखतं ते कुलूप, म्हणून तेही आयुध. दिंडुक्कलचं मोठं पितळी कुलूप चिंचेने घासून, चंदन-कुंकू लावून पाटावर मांडलेलं असे. मग त्या रात्री दार नुसतं लोटून मालक स्वतः आत झोपे. गल्लीत पिढ्यान् पिढ्या असंच चाललेलं होतं.

त्या पाटावर कुलपाशेजारी मामांची पॉलिसीही असे. तिलाही चंदन-कुंकू. नूतनीकरणाला कागद ऑफिसात गेले की कारकून विचारी, "रायर, तुमच्या पॉलिशा हळदीकुंकवाला जाऊन येतात का?" नवमीच्या संध्याकाळी मामांचा या दुकानांतून फेरा असे. प्रत्येक ठिकाणी द्रोणात सुंडल म्हणजे हरभऱ्याची उसळ मिळे. ती नको म्हणता येत नसे. घरी येईपर्यंत पोटात जागा राहत नसे.

मुरुगेसन या गल्लीतला भांड्यांचा दुकानदार, पन्नाशीचा, हळू बोलणारा. मी त्यांना अण्णा म्हणे, ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ म्हणत. त्या वर्षी नवमीच्या संध्याकाळी, पूजा आटोपून मामा त्यांचं सुंडल खाऊन गेल्यावर तासाभराने, पापनाशमहून जावयाचा फोन आला. मुलीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या, आणि इस्पितळात रक्ताची सोय करून ठेवा म्हणून सांगितलं होतं. घरात दुसरा पुरुष नव्हता. नोकर सुट्टीवर होता. अण्णा निघाले. दाराच्या कडीला त्यांनी सुतळी बांधली. कुलूप पाटावर होतं.

मुलगी वाचली, नात झाली. सकाळी ते परत आले तेव्हा सुतळी पायरीवर पडलेली होती. चांदीची ताटं, लग्नाच्या ऑर्डरच्या समया, कलशांचा अख्खा कप्पा गेला होता. उधारीवर भरलेला सगळा चांगला माल गेला होता. कुलूप जागेवर होतं, चंदन वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

साहेबांचा पाय मुरगळला होता, म्हणून पाहणीला मी गेलो. पॉलिसीत चोरी म्हणजे काय ते स्पष्ट लिहिलेलं असतं: बळजबरीने दार, कुलूप किंवा भिंत फोडून झालेली. दुकानात पाऊल टाकताच मला दिसलं की इथं काहीच फुटलेलं नाही.

अण्णांचा मेव्हणा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "तंबी, कुलूप आत्ता फोडून देतो. एक हातोडा. तुम्ही अर्ध्या तासाने या."

अण्णांनी ते ऐकलं. "देवापुढचं कुलूप फोडू?" एवढंच म्हणाले. मग माझ्यासमोर स्टूलवर बसले आणि मी विचारत गेलो तसं सांगत गेले. शेवटी म्हणाले, "निघायच्या आधी रायरना फोन केला, तंबी. म्हटलं, कुलूप पाटावरून उचलून लावू का? रायर म्हणाले, पूजेतलं उचलू नको, पोरीकडे जा, पॉलिसी आहे, मी आहे. म्हणून गेलो."

मी कागद उलटला.

मी ते वाक्य लिहिलं नाही. का लिहिलं नाही ते तेव्हा मला स्वच्छ माहीत होतं. एजंटाने पॉलिसीच्या विरुद्ध सल्ला दिला, असं कागदावर आलं तर मामांची एजन्सी जाणार. आणि लिहिलं तरी अण्णांना भरपाई थोडीच मिळणार आहे, असंही मी स्वतःला सांगितलं. बाकी सगळं लिहिलं. दाराला, कडीला, कुलपाला जोर केल्याची खूण नाही. साहेबांनी सही केली. दावा नामंजूर झाला.

त्यानंतर जे झालं ते मला ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं. मामा कंपनीच्या मॅनेजरसमोर गेले आणि म्हणाले, "त्या माणसाने मला विचारलं होतं. मी जा म्हटलं. चूक त्याची नाही, कंपनीच्या एजंटाची आहे. माझ्यावर काय करायचं ते करा, त्याचा विचार करा."

मॅनेजर चांगला माणूस होता. त्याने फाईल उघडून माझा रिपोर्ट पुन्हा वाचला आणि म्हणाला, "रायर, दुकानदाराच्या जबाबात असा फोन कुठेच नाही. तुम्ही गिऱ्हाइकासाठी खोटं बोलता आहात. तुमचं वय बघून मी हे ऐकलं नाही असं धरतो."

तीस वर्षांत मामांना कोणी खोटं बोलता असं म्हटलं नव्हतं. ज्या दिवशी म्हटलं, त्या दिवशी ते खरं बोलत होते.

संध्याकाळी ते माझ्या खोलीवर आले. मोपेड लावली, आत आले, आणि पहिल्यांदाच वर न बघता बसले. गुडघ्यावरची वेष्टी सारखी केली.

"पांडू, मुरुगेसनने तुला फोनचं सांगितलं नव्हतं का?"

"नाही, मामा."

"विसरला असेल. पोरीची काळजी होती." मग म्हणाले, "तीस वर्षं मी त्या पाटावर कुलूप बघितलं. सुंडल खाल्लं. कुलूप पाटावर आहे तर दाराला काय आहे, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. दुसऱ्यांना तीन तीन प्रश्न विचारत हिंडलो. आमचंच आहे मणून डोळ्याला दिसलं नाही." उठताना माझ्या खोलीतला पंखा बघून म्हणाले, "हा स्विचबोर्ड बदलून घे. गरम होतो."

पुढच्या महिन्याभरात ते आपल्या प्रत्येक दुकानात गेले आणि उभ्या उभ्या सांगत सुटले: दार फुटलं तरच चोरी, नाहीतर कंपनी देणार नाही, नवमीला कुलूप दारालाच राहू दे, चंदन तिथंच लाव. काही जणांनी ऐकलं. काही जण म्हणाले, मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? त्यावर मामा सबब सांगत नसत, पुढच्या दुकानात जात. बऱ्याच दुकानांनी दुसरा एजंट धरला. मार्च संपायच्या आत मामांनी एजन्सी स्वतःच सोडली.

अण्णांचा नोकर पगार थकल्यावर गेला. एका सकाळी मामा दुकानात येऊन नोकराच्या स्टूलवर बसले. अण्णा म्हणाले, "रायर, हे काय?" मामा म्हणाले, "गिऱ्हाईक आलंय, बघ." दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मामी आधीच वारल्या होत्या, मुलगा परदेशात होता, घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं. त्यांनी पगार घेतला नाही. दुपारचा डबा ते घरून आणत. बाजारातले लोक आधी हसले. "रायर, पॉलिसी सोडून आता पातेली विकता?" मामा म्हणत, "पातेल्यात काय आहे ते दिसतं तरी." नंतर हसणं थांबलं. ते रोज तिथं बसतात, याची गल्लीला सवय झाली.

वर्षभराने मला पुण्याची नोकरी लागली, विमा कंपनीच्या दावे विभागात. मामा स्टेशनवर आले. हातात अण्णांच्या दुकानातला स्टीलचा डबा, आत दहीभात. "पैसे देऊन घेतलाय," म्हणाले. गाडी सुटेपर्यंत ते माझ्या वडिलांच्या गुडघ्याबद्दल बोलत होते.

दावे विभागात बसल्यावर मला एक गोष्ट शिकायला मिळाली. अशा प्रकरणात एजंटाने दिलेला शब्द सर्वेयरच्या रिपोर्टात लिहिलेला असला, तर फाईल तशी सहज बंद होत नाही. वरच्या माणसाकडे जाते. ग्राहक न्यायालयात दुकानदाराच्या हातात दाखवायला काहीतरी असतं. मिळेलच असं नाही, पण तो रिकाम्या हाताने उभा नसतो. हे कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही. पण पत्रही लिहिलं नाही. आणखी चार वर्षं लिहिलं नाही.

शेवटचं मी मामांना पोंगलच्या रजेत पाहिलं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. तरी ते स्टूलवर होते. गिऱ्हाइकाने भांडं आणलं की ते बोटाच्या पेराने वाजवून बघत आणि सांगत, "याला बुडाशी चीर आहे, दुसरं घ्या." अण्णा खोडून काढत नसत. चीर असे.

मी समोर उभा राहिलो. "कोण?" त्यांनी विचारलं.

"पांडू."

"जेवलास का?" आणि मग, "पुण्यात दुकानांच्या वायरी कशा असतात रे? भिंतीतून की वरून?"

मी सांगत असतानाच पोस्टमन आला. वीजबिल आणि मामांच्या मुलाचं कार्ड. अण्णांनी चष्मा लावला आणि कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं, सावकाश, स्वल्पविराम सुद्धा न सोडता. मामांची सगळी पत्रं आता अण्णाच वाचत. मी जे सांगायला आलो होतो ते त्या दोघांच्या मध्ये मला बोलता आलं नाही. कॉफी प्यायलो. नमस्कार केला. गल्लीच्या टोकाला वळताना मागे पाहिलं तर मामा नव्या पेल्यांचे सहा-सहाचे संच लावत होते. प्रत्येक पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत, मोजत, आणि सहावा लागला की किंचित थांबत.

पुण्याला परतल्यावर त्याच आठवड्यात मी पत्र लिहिलं. अण्णा वाचणार हे माहीत होतं, म्हणून तमिळमध्ये लिहिलं. खरं काय ते अण्णांच्या विमा कंपनीला आणि साहेबांनाही लिहून कळवलं. कंपनीने उत्तर दिलं की फाईल मुदतीबाहेर गेली आहे. साहेबांनी माझ्याशी बोलणं सोडलं, ते बरोबरच केलं. मामा त्यानंतर पाच महिन्यांनी गेले. त्यांचं उत्तर आलं नाही. अण्णांनी फोनवर एवढंच सांगितलं, की पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा रायरनी सांगितलं म्हणून.

ते पत्र इथे मराठीत उतरवतो.

*

वेंकोबमामांस पांडूचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुरुगेसनअण्णा तुम्हाला वाचून दाखवतील. म्हणजे ते दोघांनाही आहे. अण्णा, तुम्हाला विनंती, मध्ये काही आलं तरी थांबू नका. मामांनी मला सांगितलं होतं, ऐकलं ते लिही. तसंच, लिहिलं आहे ते वाचा.

चोरीनंतर मी पाहणीला आलो, तेव्हा अण्णांनी मला फोनची गोष्ट सांगितली होती. स्टूलवर बसून, स्पष्ट शब्दांत. मी ती रिपोर्टात घेतली नाही. मामा, तुमची एजन्सी जाऊ नये म्हणून मी ती गाळली. तुम्ही माझ्या खोलीवर येऊन विचारलंत, तेव्हा मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. मॅनेजर तुम्हाला खोटं बोलता म्हणाले, ते माझ्या खोट्यामुळे.

अण्णा, मी एकाला वाचवायला गेलो आणि तुमच्या हातातला एकच कागद काढून घेतला. तेव्हा मला वाटलं होतं की त्याने काही फरक पडत नाही. पडला असता. किती ते मला सांगता येत नाही. अंदाज लिहायचा नाही.

तुम्ही दोघं इतकी वर्षं एका दुकानात बसता. ही गोष्ट कधीतरी तुमच्यात निघाली असणार. म्हणजे मामा, तुम्हाला ठाऊक होतं, आणि तरी तुम्ही स्टेशनवर डबा घेऊन आलात. मला याचं काय करावं ते कळत नाही.

सोबत दुसरा कागद आहे. त्यात मी ती पाहणी पुन्हा पूर्ण लिहिली आहे, गाळलेल्या वाक्यासह, आणि ते मी का गाळलं तेही लिहिलं आहे. त्याच्या प्रती कंपनीला आणि साहेबांना पाठवल्या आहेत. माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होईल, त्याची काळजी करू नका. अण्णांनी या कागदाचं हवं ते करावं. कोर्टात न्यायचा असेल तर मी साक्षीला येईन. तारीख कोणतीही असो.

मी तुमच्यामुळे शिकलो, मामा. तुम्ही शिकवलेलं एकदाच मोडलं, आणि तेही तुमच्याच बाबतीत.

अण्णा, एवढं वाचून झालं की दुसरा कागद मामांच्या हातात द्या. खाली उजवीकडे माझी सही आहे. त्यांचं बोट धरून तिथं ठेवा.

आपला,
पांडू